आजोबांच्या ट्रंकेत विमानाचे पार्ट सापडलेत, कुठल्या विमानाचे ते कसं ओळखायचं आणि साफ कसे करायचे?

वाईचा_नातू

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही. माझे आजोबा एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, ५१ पासून पाच-सहा वर्षं लोहगावला, नंतर नोकरी सुटली आणि ते वाईला येऊन राहिले. आजी गेल्या वर्षी गेली, आता जुनं घर उतरवायला काढलंय, तर माळ्यावरची त्यांची लोखंडी ट्रंक खाली आली. त्यात त्यांचे बिल्ले, दोन स्पॅनर आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक घड्याळासारखं मीटर निघालं.

मीटर काळं, गोल, साधारण सव्वातीन इंच. ० ते ९ आकडे, तीन काटे, आणि तबकडीत एक छोटी खिडकी, त्यात २९.८, २९.९ असे आकडे दिसतात, खाली एक बटण आहे ते फिरवलं की खिडकीतले आकडेही सरकतात आणि काटेही सरकतात. आकड्यांवरचा रंग पिवळट तपकिरी झालाय, मोहरीच्या चटणीसारखा. काच शाबूत आहे.

दुसरी वस्तू ट्रंकेत नव्हतीच. ती इतकी वर्षं आमच्या डोळ्यासमोर छताला होती. मागच्या खोलीत कपडे वाळत घालायची काठी दोरीने वर ओढायची, त्या दोरीची कप्पी. आजी म्हणायची "ती ह्यांच्या विमानाची आहे", आम्हाला वाटायचं आजी उगाच सांगते. परवा काढून पाहिली तर चाक लोखंडाचं नाही, तपकिरी आहे, कडेला कापडाचे थर दिसतात, मधे बेअरिंग आणि ती अजून हाताने फिरवली तर आवाज न करता फिरते. ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये बसलीय तो ॲल्युमिनियमचा, वरून चुना आणि धूर बसून काळा झालाय, एका बाजूला ठोकलेला नंबर आहे पण नीट वाचता येत नाही.

प्रश्न असा की हे कशाचे असू शकतात? आणि ओळखीतला एक जण म्हणतोय मला दे, ब्रॅकेटला बफ मारून आरशासारखा करतो, मीटर उघडून आकडे नव्याने रंगवतो. देऊ का? मला विकायचं नाहीये, आजोबांच्या फोटोखाली ठेवायचंय.

रिव्हेट_काका

नातवा, पहिलं काम म्हणजे कुणालाही देऊ नकोस. बफ तर अजिबात नको. आणि मीटर उघडायचं नाही, त्याचं कारण कुणीतरी जाणकार सांगेलच, मी पत्र्याचा माणूस आहे, मी पत्र्याचं सांगतो.

तीस वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे एक गोष्ट छातीठोक सांगतो, विमानाच्या पार्टची ओळख त्याच्या अंगावरच लिहिलेली असते आणि नव्वद टक्के लोक ती स्वच्छ करताना पुसून टाकतात. ठोकलेला नंबर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही उथळ असतो. शाईचा शिक्का तर नुसत्या थिनरच्या फडक्याने जातो. रंगाचे थर, रिव्हेटचं डोकं, बोल्टवरची खूण, ही सगळी त्या पार्टची कागदपत्रं आहेत असं समज.

आता तू हे कर. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धर, वरून नाही, बाजूने. उथळ नंबराला सावली पडते आणि तो उठून दिसतो. तरी नाही दिसला तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी घास, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. मग भिंग घेऊन तीन गोष्टी बघ. रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध खड्डा आहे का, का उंचवटा, का दोन छोट्या रेघा. बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी किंवा चांदणीसारखी खूण आहे का. आणि चुन्याखाली मूळ रंग कुठला, तो बघायला खरवडू नकोस, ब्रॅकेट जिथे छताला टेकला होता ती बाजू बघ, तिथे धूर गेलेला नसणार.

एवढं सांग, मग बोलू. मीटरबद्दल एकच सांगून ठेवतो, खिडकीत २९.९ म्हणजे ते अमेरिकन पद्धतीचं अल्टिमीटर आहे, उंची दाखवणारं. हवेचा दाब ते लोक पाऱ्याच्या इंचात मोजतात, समुद्रसपाटीला २९.९२. ब्रिटिश असतं तर खिडकीत मिलिबार असते, १०१३ च्या आसपासचे आकडे. रशियन असतं तर पाऱ्याचे मिलिमीटर, ७६०, आणि उंचीही फुटात नाही, मीटरमध्ये. खिडकी बघितली की निम्मं काम होतं.

भोसरीचा_लेथवाला

काकांचं ऐका. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे विमानाचा वेग दाखवणारं मीटर होता, मागे पत्र्याची नंबरप्लेट, त्यावर मुकुटाची खूण आणि ए.एम. ही अक्षरं अर्धवट दिसत होती. मी एका रिपेअरवाल्याला दिला फक्त काच बदलायला, आणि त्याने प्रेमाने अख्खी बॉडी काळ्या पावडर कोटिंगमध्ये बुडवून आणली, प्लेट काढून फेकली होती, म्हणाला गंजलेली होती. आता माझ्याकडे एक छान चकाकणारं काळं डबडं आहे आणि ते कुठल्या विमानाचं हे मला मरेपर्यंत कळणार नाही. सहा वर्षं झाली, अजून वाईट वाटतं. मुकुट आणि ए.एम. म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री, आणि त्यांचा स्टोअरचा नंबर ६ए ने सुरू होणारा असला तर इन्स्ट्रुमेंट, ५सी इलेक्ट्रिकचं सामान, ६डी ऑक्सिजनचं, २२सी वैमानिकाचे कपडे-हेल्मेट, हे मला नंतर कळालं, तेव्हा कळून काय उपयोग.

फिजिक्सच्या_बाई

मीटरबद्दल मी सांगते आणि कृपया हे गंभीरपणे घ्या. आकड्यांवरचा तो पिवळट तपकिरी रंग बहुतेक रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या मीटरांवर रात्री दिसावं म्हणून रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळलेला रंग लावायचे. काही अमेरिकन मीटरांवर नुसता फ्लुरोसेंट रंगही असायचा, जो अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकायचा, पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून मोजेपर्यंत रेडियमच आहे असं धरून चाला.

लोक इथे एक चूक हमखास करतात. खोलीत अंधार करून बघतात, चमकत नाही, मग म्हणतात संपलं त्याचं. संपलेलं नसतं. चमकणारं झिंक सल्फाइड पंधरा-वीस वर्षांत थकून जातं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं आहे, ते १९४४ मध्ये होतं जवळपास तेवढंच आजही आहे. आणि जुना रंग ठिसूळ झालेला असतो, मीटर उघडलं की त्याची पूड उडते. ती पूड नाकातोंडातून आत जाणं हा खरा धोका आहे, रेडियम हाडात जाऊन बसतं. त्यामुळे उघडून आकडे रंगवणारा जो कुणी आहे तो स्वतःच्या जिवाशी खेळतोय, त्यालाही सांगा.

काच शाबूत आहे ना, मग घाबरू नका. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, झोपायच्या खोलीत नको, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा कारण त्यातून रेडॉन वायू थोडा थोडा निघतो. लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळलं की हात धुवा. ज्या धोतरात गुंडाळलं होतं ते झटकू नका, पिशवीत बांधून ठेवा. जवळच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर असतो, विनंती केली तर मोजून देतात, आमच्याकडे लोक आणतात. आणि कधी काच फुटली तर भंगारात टाकायचं नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करायचं. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात कोबाल्ट-६० आला आणि माणूस दगावला, तो स्रोत याच्यापेक्षा कितीतरी पटीने तीव्र होता, पण भंगारवाल्याला काय माहीत की हातात काय आलंय.

वाईचा_नातू

बाई, खूप आभार, मीटर डब्यात ठेवलं, धोतर पिशवीत. त्या माणसालाही फोन करून सांगितलं.

काका, काल रात्री टॉर्च घेऊन बसलो, बायको पण बसली. सांगतो एकेक. ब्रॅकेटच्या रिव्हेटच्या डोक्यात बारीक खड्डा आहे, सगळ्यांच्या. बोल्टवर फुली आहे, स्पष्ट. नट खाचांचा आहे आणि त्यातून स्प्लिट पिन घातलेली, तीसुद्धा मूळचीच असावी, आजोबांनीच वाकवलेली असेल असं मनात आलं. छताकडच्या बाजूला रंग पोपटी-पिवळा, कच्च्या कैरीच्या सालीसारखा, आणि त्याच्यावर कुठे कुठे चंदेरी.

नंबर पेन्सिलने घासल्यावर आला. सुरुवात ३२, मग एक अक्षर, मग चार आकडे, शेवटचा ३ की ८ ते कळत नाही. आणि आतल्या बाजूला पत्र्यावर फिकट शाईत इंग्रजी अक्षरं, पुढची-मागची कापली गेलीत, मधलं "क्लॅड २४एस" एवढं वाचता येतं. कप्पीच्या चाकावर एएन २१० असं काहीतरी.

रिव्हेट_काका

नातवा, खाली बस आधी.

एकेक घेऊ. खड्ड्याचा रिव्हेट आणि फुलीचा बोल्ट म्हणजे अमेरिकन, यात शंका नाही. पोपटी-पिवळा म्हणजे झिंक क्रोमेट, अमेरिकन कारखान्यात आतल्या पार्टना मारायचे. ब्रिटिशांचा आतला रंग करडा-हिरवा असतो. "क्लॅड २४एस" म्हणजे अल्क्लॅड २४एस-टी, पत्रा बनवणाऱ्याचीच छपाई, अख्ख्या पत्र्यावर ओळीने छापलेलं असायचं आणि पार्ट कापताना अक्षरं तुटायची. २४एस हे जुनं नाव, १९५४ नंतर त्याच मिश्रधातूला २०२४ म्हणायला लागले, म्हणजे पत्रा त्याआधीचा.

कप्पीवरचं एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, अमेरिकेच्या भूदल आणि नौदलाचं सामायिक स्टँडर्ड. कंट्रोल केबलची कप्पी आहे ती, कापड आणि फिनॉलिक रेझिनचे थर दाबून केलेली, केबलला कापू नये म्हणून धातूची नसते. पण लक्षात घे, एएन नंबरवरून विमान कळत नाही. तीच कप्पी डाकोटा या मालवाहू विमानातही, हार्वर्ड या प्रशिक्षणाच्या विमानातही. तुझं अल्टिमीटरही तसंच, ते त्या काळच्या कुठल्याही अमेरिकन विमानात बसेल. बाजारात लोक एएन बोल्ट दाखवून "हा अमुक फायटरचा" म्हणून विकतात, त्याला अर्थ नाही.

विमान सांगतो तो ब्रॅकेट. पार्ट नंबरची सुरुवात म्हणजे आडनाव असतं. बहुतेक कंपन्या आपल्या मॉडेलचा नंबर पुढे लावायच्या. स्पिटफायर मार्क १ चे पार्ट ३०० ने सुरू होतात, मार्क ९ चे ३६१ ने. हॉकरच्या पार्टवर ४१एच दिसतं. हार्वर्डच्या घराण्यात ७७ किंवा ८८, मस्टँगला ७३, १०२, १०६ वगैरे. आणि कॉन्सॉलिडेटेड कंपनीचं मॉडेल २८ म्हणजे कॅटालिना, मॉडेल ३२ म्हणजे बी-२४ लिबरेटर. चार इंजिनांचा बॉम्बर. तुझ्या आजीने वीस-पंचवीस वर्षं कपडे वाळत घातले ते लिबरेटरच्या कंट्रोल केबलच्या कप्पीवर.

आणि आजोबा ५१ ला लोहगावला होते म्हणालास ना? आपल्या एअर फोर्सचे लिबरेटर त्या काळात पुण्यातच होते. ५ नंबर स्क्वाड्रन १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये कानपूरला उभी राहिली आणि पुण्याला आली, ६ नंबर स्क्वाड्रन १९५१ मध्ये पुण्यातच पुन्हा उभी केली, ती समुद्रावर टेहळणीला जायची.

ही विमानं आपल्याकडे आली त्याची गोष्ट प्रत्येक भारतीय मेकॅनिकने वाचावी अशी आहे. युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सने आपले लिबरेटर कानपूरच्या चकेरीत आणून उभे केले. लेंड-लीजची, म्हणजे युद्धात अमेरिकेने वापरायला दिलेली विमानं, करारात असं होतं की अमेरिकेला परत द्या नाहीतर निकामी करा. त्यांनी निकामी केली, मीटर फोडले, पत्र्याला भोकं पाडली, इंजिनात वाळू टाकली. दोन-तीन पावसाळे ती तशीच पडून. मग १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांना तिथे पाठवलं, बघा काही जमतंय का. त्यांनी या विमानाचा पंखा, त्या विमानाचं शेपूट, असं करत एकेक उडण्याजोगं केलं, आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती उडवत बंगळूरला नेली, तिथे पुन्हा पूर्ण ओव्हरहॉल. चाळीसच्या वर विमानं अशी उभी राहिली. ही तीच कंपनी, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये सुरू केलेली, युद्धात तिथेच अमेरिकन विमानांची दुरुस्ती व्हायची म्हणून आपल्या माणसांचा हात बसलेला होता. १९६८ पर्यंत उडवली आपण ती. आज जगात जे थोडे लिबरेटर शाबूत उरलेत त्यातले कितीतरी भारतातून गेलेले आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमचा आपणच दिलेला, ॲरिझोनाच्या पिमा म्युझियमचा आपला, अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा उडवला तोही आपला. ज्यांनी बनवली त्यांनी १८ हजारांवर बनवून वितळवून टाकली आणि ज्यांच्याकडे मोडून टाकली होती त्यांनी वीस वर्षं सांभाळली.

तुझ्या ब्रॅकेटवर पोपटीवर चंदेरी रंग आहे म्हणालास. पोपटी अमेरिकेतला. चंदेरी नंतरचा, ओव्हरहॉलच्या वेळी मारलेला असू शकतो. तो थर म्हणजे आपल्या लोकांच्या हातचा. म्हणूनच म्हणत होतो बफ नको.

शेवटचा आकडा ३ की ८ याचं कारण सांगतो, बऱ्याच अमेरिकन ड्रॉइंगांत विषम नंबर डाव्या बाजूचा आणि सम उजव्या बाजूचा असतो, त्यामुळे तो एक आकडा सुटला तर कदाचित कुठल्या बाजूची कप्पी तेही कळेल. टेक्निकल ऑर्डरचं, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या विमान-पुस्तिकांमधलं पार्ट्स कॅटलॉग शोध, ०१-५ई ने सुरू होणारं आणि शेवटी -४ असलेलं. -१ पायलटसाठी, -२ मेंटेनन्स, -३ पत्र्याची दुरुस्ती, -४ पार्ट. स्कॅन केलेली पुस्तकं मिळतात. त्यात चित्र सापडलं की मग बोलायलाच नको.

ओझरकर

काका, अंगावर काटा आला वाचून. माझे वडील ओझरला एचएएलमध्ये मिगच्या लाइनवर होते त्यामुळे आमच्याकडच्या लोकांसाठी थोडं जोडतो, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यापासून त्याचे पार्ट म्हणून काहीही विकायला येतंय.

मिगच्या कॉकपिटमधला रंग निळसर-हिरवा, पिरोज्याच्या खड्यासारखा, एकदा बघितला की विसरत नाही. मीटरवर किलोमीटर, मीटर, रशियन अक्षरं. बोल्ट मेट्रिक, म्हणजे तुमचा साधा १० चा पाना बसतो, अमेरिकन बोल्टला तो नीट बसत नाही, ब्रिटिशला तर वेगळेच पाने लागतात. पण रशियन अक्षरं नाहीत म्हणून खोटा असं समजू नका, ओझरला साठीच्या दशकापासून १९८७ पर्यंत मिग-२१ बनले, त्यातले कितीतरी पार्ट इथेच घडलेले आणि त्यावर इथल्या तपासनीसांचे शिक्के आहेत.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. इजेक्शन सीटचा (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचा) कुठलाही भाग, कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण उडवायची यंत्रणा, अग्निशामक बाटलीचं डोकं, असं काही हाती लागलं आणि त्यात काडतुसासारखं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. चाळीस वर्षं जुनं काडतूसही उडतं. दुसरं, चाकांचे रिम आणि काही खोकी मॅग्नेशियमची असतात, ॲल्युमिनियमपेक्षा हाताला हलकी लागतात, त्यावर ग्राइंडर मारलात तर ती पूड पेटते आणि पाणी टाकलं की जास्त पेटते.

जतनवाली_ताई

मी वस्तूंच्या जतनाचं काम करते, विमानांचं नाही पण धातू आणि रंगाचं रोजचंच. नातूभाऊ, साफ कसं करायचं ते कुणी अजून सांगितलं नाही म्हणून लिहिते.

आधी फोटो, सहाही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. मग मऊ ब्रशने कोरडी धूळ, तोंडाला मास्क लावून, कारण झिंक क्रोमेट विषारी आहे. पॉलिश पेपर त्या रंगावर कधीही मारू नका. चुना जाड बसला असेल तिथे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात साध्या लिक्विड सोपचे दोन थेंब, कापसाच्या काडीवर घेऊन एका कोपऱ्यात आधी करून बघा. काडीवर काळं आलं तर धूर आहे, चालू ठेवा, पोपटी किंवा चंदेरी आलं तर तिथेच थांबा. काडी गोल फिरवत उचलायची, घासायची नाही, प्रत्येक वेळी नवी काडी, म्हणजे उचललेला मळ परत लागत नाही. एका संध्याकाळी दोन इंच झालं तरी पुष्कळ झालं. शाईची अक्षरं आहेत तिथे पाणीसुद्धा नाही, नुसता कोरडा ब्रश.

घरातले उपाय एकही नकोत. चिंच-मीठ तांब्यापितळेला ठीक, इथे नाही. सोडा, ओव्हन क्लीनर वगैरे तर ॲल्युमिनियमला खातात. लोखंडी तारेचा घासणीतला काथ्या पण नको, त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. पत्र्याच्या कडेला पांढरी पूड किंवा पापुद्रे सुटलेले दिसले तर सांगा, तो आतला गंज असतो, तिथे दाबायचं नाही.

बोल्ट आणि स्प्लिट पिनला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, टूथपिकने, जास्तीचं टिपून घ्यायचं. बेअरिंगमध्ये काही फवारू नका, आवाज न करता फिरतंय म्हणजे मूळचं ग्रीस अजून जागेवर आहे. आणि तो बोल्ट खोलू नका. पिन आजोबांनी वाकवलेली असेल असं तुम्हीच लिहिलंत ना. शेवटी कोरड्या दिवशी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पातळ हात, शाई सोडून. वाईला पावसाळा कसा असतो ते माहीत आहे, त्यामुळे काचेच्या पेटीत सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदला. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, तो कागद आम्ल धरतो.

डोंबिवली_फास्ट_९

याची किंमत किती येईल अंदाजे? आणि घरात ठेवणं कायदेशीर आहे का, म्हणजे मिलिटरीचं सामान आहे ना

रिव्हेट_काका

नातवाने वर लिहिलंय विकायचं नाही, त्यामुळे किमतीचं सोडून देऊ. कायद्याचं म्हणशील तर पुरावस्तूच्या कायद्यात वस्तू शंभर वर्षांची लागते, युद्धकाळातला पार्ट अजून त्यात बसत नाही. पण कुणी नवीन विकत घेत असेल तर लिलावाची पावती मागा, ती नसेल तर घेऊ नका. उडणाऱ्या विमानात असा पार्ट बसवायचा विचारही नको, कागद नसलेला पार्ट फक्त शोकेससाठी. आणि अरुणाचलच्या डोंगरात दुसऱ्या महायुद्धात हिमालय ओलांडताना पडलेल्या अमेरिकन विमानांचे अवशेष आहेत, तिथून "आठवण" म्हणून काही उचलून आणणारे भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, तिथे अजून माणसं आहेत. अमेरिकेचं पथक येऊन त्या जवानांचे अवशेष शोधतं, तुम्ही उचललेल्या एका नंबरप्लेटवरूनच कदाचित कळलं असतं की ते कोण.

वाईचा_नातू

उशिरा लिहितोय, घराचं काम चालू होतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे रोज रात्री थोडं थोडं करतोय, आतापर्यंत साठेक काड्या झाल्या. काल धूर निघाल्यावर शेवटचा आकडा दिसला, ३ आहे. पार्ट्स कॅटलॉगची स्कॅन कॉपी मिळाली, पण पानं खूप फिकट आहेत, शोधतोय. केबलची खाच चाकात एका बाजूला थोडी जास्त खोल आहे, काका, केबल तिरकी ओढली जात होती का? का ते आमच्या दोरीने झालंय? फोटो टाकतो.

मीटर लॅबमध्ये नेलं होतं. रेडियमच आहे. बाई, तुमच्यासारख्याच एक मॅडम होत्या तिथे, त्यांनी काच आणि कड तपासली, पूड बाहेर नाही म्हणाल्या आणि डब्यातच ठेवायला सांगितलं.

येताना एक केलं. डबा तसाच बंद, पण हवाबंद नाही, बायकोच्या मांडीवर ठेवला आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो. निघताना बटण फिरवून काटे २३५० फुटांवर आणले होते, वाईची उंची तेवढी आहे. पहिली दोन वळणं काही झालंच नाही, मला वाटलं बंद पडलंय, सत्तर-ऐंशी वर्षं झाली. मग रस्ता खराब लागला, गाडी थरथरायला लागली आणि मोठा काटा एकदम सुटला, अडकत, परत सुटत, पण वरच चढत राहिला. हॅरिसन फॉलीच्या आधी बायको आकडे मोठ्याने वाचत होती, तीन हजार दोनशे, तीनशे, साडेतीनशे. पाचगणीत स्टँडपाशी गाडी थांबवली तेव्हा ३९०० दाखवत होतं. मी बॉनेटवर हाताने दोनदा थापटलं, तेव्हा काटा आणखी दीडशे फूट पुढे गेला. पाचगणी ४२०० च्या आसपास आहे.

वडील मागच्या सीटवर होते, ते काही बोलले नाहीत, उतरताना म्हणाले डबा माझ्याकडे दे, आणि घाट उतरेपर्यंत काट्याकडेच बघत होते.

रिव्हेट_काका

काटा थरथरीशिवाय अडकतो ते बरोबरच आहे, इंजिनाच्या थरथरीत चालायला बनवलेलं असतं ते, म्हणूनच जेटमध्ये मीटरांना मुद्दाम थरथर देणारं यंत्र लावावं लागलं. दीडशे-दोनशे फुटांचा फरक त्या वयाला काहीच नाही. त्याच्या मागच्या नळीला तोंड लावून कधी ओढू किंवा फुंकू नकोस, आतल्या डब्या कागदासारख्या पातळ असतात.

खाचेचा फोटो टाक. स्टीलच्या केबलची खाच अरुंद आणि चकचकीत असते, सुती दोरीची रुंद आणि मऊ. दोन्ही असतील तर दोन्ही राहू दे.